शिट्टीमामांनी फोडलेला पेपर

मी मिशीवाला माणूस आहे. दोन मुलांचा बाप आहे, मंगळवार पेठेत माझं झेरॉक्सचं आणि वह्या-पुस्तकांचं दुकान आहे, आणि हौशी रंगभूमीवर मी तीनदा खलनायक आणि एकदा प्रेत झालेलो आहे. असा मी, काही वर्षांपूर्वीच्या एका मे महिन्यात, रोज संध्याकाळी पाच ते सहा कपाळावर लाल टिकली लावून समोरच्या ओट्यावर बसत होतो. येणारेजाणारे थांबून बघायचे. हसलं कुणीच नाही. कारण ती टिकली मला शिट्टीमामांनी लावली होती, आणि शिट्टीमामांनी केलेल्या गोष्टीला हसायची आमच्या गल्लीत पद्धत नव्हती.

मामांचं खरं नाव यशवंत. अंगानं आडवे, गुडघ्यांत बाहेरच्या बाजूला वाकलेले, आणि आवाज असा की घरात बायकोला चहा सांगितला तर कोपऱ्यावरचा हॉटेलवाला एक कप जास्त टाकायचा. आमच्याकडं तालमीत कुस्तीइतकाच फुटबॉल चालतो; तीस वर्षं त्यांनी आमच्या तालमीच्या संघाला शिकवलं. गळ्यात काळ्या दोरीत ओवलेली पितळी शिट्टी. अंघोळीला ती काढत होते की नाही, याबद्दल गल्लीत दोन मतं होती.

त्यांच्या भाचीच्या लग्नात मंगलाष्टकं सुरू झाली आणि नवरानवरीसमोर फोटोवाल्यांची आणि पावण्यांची ही गर्दी उसळली. मामांनी शिट्टी मारली. भटजी मध्येच थांबले. "नवऱ्याची आई सोडून समदी मागं सरा," मामा म्हणाले, "ऑफसाईड हाय." समदी मागं सरली. भटजींनी मामांकडं बघून विचारलं, "करू सुरू?" मामांनी हात खाली केला, तेव्हा कुठं पुढची ओळ आली.

पराभव हा शब्द त्यांच्याकडं नव्हता. संघ तीन गोलनं मार खाऊन आला तरी ते दारात उभं राहून सांगायचे, "हरलो न्हाय. राहिली." मॅच राहिली, म्हणजे खेळायची अजून शिल्लक आहे. त्यांची दहावी राहिली होती, गुडघ्याचं ऑपरेशन राहिलं होतं, दिवाळीत घराला द्यायचा रंग कैक वर्षं राहिला होता. मामी गेल्या तेव्हा मी भेटायला गेलो, तर भिंतीकडं बघत म्हणाले, "तिच्यासंगं बोलायचं राहिलं." एवढंच. त्यानंतर शिट्टी जरा जास्त वाजू लागली, असं मला वाटतं.

आणि त्यांची एक वही होती. समोरच्या संघातला कोण डाव्या पायानं मारतो, कोण किती मिनिटांनी दमतो, कुठला गोलकीपर शिव्या दिल्यावर उडी चुकतो, सगळं त्यात टिपलेलं. "दुसऱ्याची खोड कळली की निम्मी मॅच झाली," असं ते पोरांना सांगायचे. या वहीनंच पुढं घात केला. वहीनं, आणि माझ्या अभिनयानं.

मामांची एकुलती मुलगी वैशाली कागलला दिलेली. जावई तिथं कारखान्यात शिफ्टला. त्यांची रेवा चार वर्षांची झाली तेव्हा वैशाली तिला घेऊन माहेरी राहायला आली. बालवाडी जवळ पडते, असं कारण सांगितलं. खरं कारण गल्लीला दुसऱ्या दिवशी सकाळी समजलं. लोक घराबाहेर आले तर एकाच्याही दारात चपला नाहीत. अख्ख्या गल्लीच्या चपला मामांच्या ओट्यापासून नळापर्यंत एका रेषेत मांडलेल्या. सुरुवातीला तान्ह्या पोरांच्या पिपाणीच्या, मग बायकांच्या, मग बाप्यांच्या, आणि टोकाला तालमीतल्या पैलवानाच्या दोन होड्या. शेवटच्या होडीपाशी रेवा उकिडवी बसून त्या चपलेचा अंगठा सरळ करत होती.

मी हाक मारली. चार वेळा मारली. पाचव्यांदा राक्षसाच्या आवाजात मारली, ज्या आवाजाला मला एकदा बक्षीस मिळालं होतं. तिनं मान हलवली नाही. मग मी रेषेतनं माझी चप्पल उचलली, आणि तिच्या घशातनं असा आवाज आला की कुणीतरी फरशीवरनं पातेलं ओढावं. मी चप्पल जागच्या जागी ठेवली. त्या दिवशी दुकान अनवाणी उघडलं.

मामांना कोण कौतुक. "शिस्त बग पोरीची," म्हणाले आणि खुशीत शिट्टी मारली. रेवानं दोन्ही हात कानांवर दाबले आणि धावत जाऊन कॉटखाली शिरली ती दुपारपर्यंत बाहेर आली नाही.

"माझ्या शिट्टीला रेफ्री भ्याल्यात," मामा म्हणाले. "ही तर एवढीशी हाय. हुतंय सवयीनं."

ती बोलत नव्हती. म्हणजे शब्द होते, पण कुणाला उद्देशून नव्हते. महिन्याभरात बालवाडीच्या बाईंनी वैशालीला बाजूला घेऊन सांगितलं, एकदा मुलांच्या वाढीच्या डॉक्टरांना दाखवा. गल्लीत ज्याच्या त्याच्याकडं उशिरा बोललेला एक नातेवाईक निघाला. माझ्याकडं तर चुलतभाऊच होता, पाचव्या वर्षापर्यंत मुका आणि आता नगरसेवक व्हायला निघालेला. मी तो हावभावांसकट सादर केला. वैशाली हसली नाही.

मामा आणि वैशाली रेवाला घेऊन गेले. डॉक्टर मॅडमनी अर्धा तास पोरीला बघितलं, वैशालीला पुष्कळ विचारलं, आणि सांगितलं की ऑटिझमची, स्वमग्नतेची शंका आहे. तीन आठवड्यांनी सविस्तर तपासणी करू, मग नक्की सांगते. वैशालीनं विचारलं, नक्की कळलं तर काय होईल? मॅडम म्हणाल्या, कळलं तर तिला कसं शिकवायचं ते कळेल, आणि या वयात सुरू केलेलं लवकर लागू पडतं.

मामांनी यातलं एकच ऐकलं. तीन आठवड्यांनी परीक्षा आहे.

त्या संध्याकाळी ते वही घेऊन माझ्या दुकानात आले. "नाटक्या, बस," म्हणाले. माझ्याच दुकानात मला बस म्हणाले. "बाईचा गेम बगून आलोय. मागनं हाक मारती, पोरगी वळती का बगती. बाहुली आन कप देती, चा पाजती का बगती. पंख्याकडं बोट करती, पोरगी वर बगती का, बोटाकडंच बगती. आन समद्या वक्ताला डोळ्यात बगती का त्ये. चारच गोष्टी हायत. तीन आठवडं हायत. पांढरा कोट हाय न्हवं तुमच्या नाटकाच्या पेटीत?"

"मामा, हा आजार हाय का काय, ते तरी—"

"आजार बिजार काय न्हाय. सराव न्हाय तिला."

आणि मी, रंगभूमीचा सेवक, कोट घालून हजर झालो. खरं सांगतो, मला फार मजा आली. मी आवाज बदलला, चष्मा नाकावर घेतला, गळ्यात वायरीचा स्टेथोस्कोप अडकवला. समोर रेवा, तिच्या मागं मामा. हाक मारली की ते तिचं डोकं दोन्ही तळव्यांत धरून हळूच वळवायचे. शंभर वेळा, दीडशे वेळा. कंटाळा हा प्रकार त्या माणसात नव्हता, आणि शिट्टी न वाजवता एवढा वेळ बसलेले मी त्यांना पहिल्यांदाच बघितले. आवाज खाली, हात मऊ. डोळ्यांत बघणं काही केल्या जमेना, तेव्हा त्यांनी वैशालीच्या पाकिटातली टिकली काढून माझ्या दोन भुवयांच्या मध्ये चिकटवली. "बाळ, डोळ्यात नगं बगू. टिकलीकडं बग. बाई पन लावती, म्या बगितलंय." ते जमलं. बाहुलीच्या तोंडाला कप लावून म्हणायचं, "बाहुलीला चहा देते." तेही जमलं, अगदी मामांच्याच चालीत. आणि चार गोष्टी नीट केल्या की बक्षीस: तालमीच्या संघाचे सगळे बूट ओट्यावर ओतायचे आणि ते मांडायला तिला सोडायचं. त्या वेळी तिच्या तोंडाकडं बघावं. मी तेवढं समाधान कुठल्या नटाच्या तोंडावर बघितलेलं नाही.

वैशाली दारात उभी असायची. एकदा म्हणाली, "आबा, ती दमलीय."

"दमल्याबिगर फिटनेस येतो व्हय गं?"

तपासणीला मी नव्हतो, पण मामांनी परत येऊन ती पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत सांगितली. पहिल्याच हाकेला पोरगी वळली. टिकलीकडं टक लावून बघितलं. बाहुली चहा प्याली. मॅडम वैशालीला म्हणाल्या, मागच्या वेळेपेक्षा फारच वेगळी वाटते आहे, घरी काही केलंत का? मामांनी मध्येच सांगितलं, "काय न्हाय, आजोळची हवा." वैशाली खाली बघत राहिली. मग मॅडम म्हणाल्या की आज मी शिक्का मारत नाही, पण माझं समाधान झालेलं नाही. बोलण्याचे उपचार सुरू करा आणि सहा महिन्यांनी नक्की परत या.

याचा निकाल आमच्या गल्लीनं काय लावला असेल? हलगी आली. गुलाल आला. रेवाला मामांच्या खांद्यावर बसवून गल्लीतनं फिरवली. ती किंचाळत होती, आणि आम्ही म्हणत होतो, खुळी, लाजतीय. मीही गुलाल टाकला. मूठभर टाकला.

सहा महिन्यांनी जायची चिठ्ठी मामांनी वहीत घालून ठेवली. वैशालीनं दोनदा आठवण केली. "जिंकल्याली मॅच परत कोन खेळतंय?" मामा म्हणाले.

पुढची दोन-अडीच वर्षं रेवा गल्लीचा अभिमान होती. पहिलीत गेली. बाकावर सरळ बसायची, बाई बोलल्या की त्यांच्या कपाळाकडं बघत राहायची. अशी शांत मुलगी दुसरी नाही, असं शाळेत म्हणत. मी तिला रोज दुकानावरनं जाताना बघायचो. ती माझ्या कपाळाकडं बघायची, टिकली शोधायची, नसली की गोंधळायची. मला त्याचंही हसू यायचं.

एकदा वैशाली शाळेचा कसला तरी फॉर्म झेरॉक्स करायला आली. मी नेहमीच्या ढंगात म्हटलं, "काय म्हणती आमची चँपियन?"

ती मशीनकडं बघत म्हणाली, "दादा, शाळंतनं आल्यावर ती दोन तास कॉटखाली पडून असती. डोकं आपटती फरशीवर. हाताला चावती. दिवसभर समद्यांच्या कपाळाकडं बघून जीव जातोय तिचा. आबांना सांगितलं तर म्हणतात, सराव कमी पडालाय." मग म्हणाली, "तिला काय हाय ते तवाच लिहून दिलं असतं, तर मी कुणाला तरी विचारलं असतं, हिला कसं वाढवू म्हणून. आता कुणाला विचारू? ती तर पास झालीया."

मी दोन प्रती काढून दिल्या. त्या दिवशी मला एकही नक्कल सुचली नाही.

मग ती हरवली.

शाळा सुटायची वेळ, आणि शाळेच्या दारावरनं एक वरात निघालेली, छातीत धडधडणारा साऊंड. वैशाली गर्दीपलीकडं अडकली. वरात पुढं सरकली तेव्हा फाटकात रेवा नव्हती. अर्ध्या तासात अख्खी पेठ रस्त्यावर. मामा पुढं, वाकड्या गुडघ्यांनी पळत, आणि तोंडात शिट्टी. बोळाबोळांतनं ती शिट्टी फिरत होती. "माझी शिट्टी वळखती ती," म्हणत होते, "ऐकली की यील." नारळवाल्यानं सांगितलं, "आत्ता हितनं गेली की. नाव इचारलं, तर माझ्या कपाळाकडं बगून म्हणाली, बाहुलीला चहा देते. मी पुन्यांदा इचारलं. पुन्यांदा त्येच."

हे ऐकून मामा थांबले नाहीत, पण शिट्टीत हवा कमी भरू लागली, हे मी शेजारनं ऐकलं.

तीन तास झाले. वरात ज्या मंगल कार्यालयात गेली होती त्याच्यावरनं आम्ही तिसऱ्यांदा चाललो होतो. वैशाली एकदम उभी राहिली. कार्यालयाच्या पायऱ्यांवर दीड-दोनशे चपला होत्या. त्यातल्या अर्ध्या, लहान ते मोठी, एका रेषेत लागलेल्या होत्या, आणि रेष मध्येच तुटली होती.

मामांनी शिट्टी तोंडाला लावली. वैशालीनं ती त्यांच्या ओठांतनं काढून घेतली. जन्मात कुणी ते केलं नव्हतं. "आबा, ती वाजवू नका," एवढंच म्हणाली, पायातलं काढलं आणि आत गेली. जिन्याखाली रचलेल्या खुर्च्यांच्या मागं, भिंतीला चिकटून, कानांवर हात दाबून रेवा बसली होती. वैशाली तिच्याजवळ खाली बसली. हाक मारली नाही, हात लावला नाही. नुसती बसून राहिली.

आम्ही दारात उभे. तिथला आचारी झारा घेऊन बाहेर आला आणि मामांना म्हणाला, "तुमची पोरगी व्हय ती? अवो, आमी मगाधरनं मांजर समजालतो. तुमची शिट्टी जवळ आली की खुर्च्या हालायच्या. शिट्टी लांब गेली की गप. तीन येळा झालं बगा."

मामा पायरीवर बसले. त्या तुटलेल्या रेषेशेजारी. कोण हरलं, कोण जिंकलं, काय राहिलं, काही बोलले नाहीत.

चौथ्या दिवशी सकाळी ते दुकानात आले. गळ्यात दोरी नव्हती. तीस वर्षांत मी त्यांची मान पहिल्यांदा बघितली. दोरीच्या जागी पांढरा वण होता. "चल," म्हणाले. "कोट नगं. तू बी आरोपी हाईस."

वैशाली आणि रेवाही बरोबर होत्या. दवाखान्यात मॅडमनी मामांना लगेच ओळखलं. मामा उभेच राहिले, संघाच्या चौकशीला बसलेल्या कमिटीसमोर राहावं तसे.

"मॅडम, मागल्या खेपंला आमी पेपर फोडलता," म्हणाले. "ह्यो डॉक्टर झालता. मी रोज शंभर येळा तिची मुंडी वळवली. ती परीक्षा तिनं न्हाय दिली. मी दिली. तुमी फशी पडला न्हाईसा, परत या म्हणालतासा. मीच आलो न्हाय."

मॅडमनी रेवाची जुनी फाईल काढून उघडली. मी जमिनीकडं बघत होतो. मग त्यांनी विचारलं, "तीन आठवड्यांत शिकली सगळं?"

"व्हय."

"हुशार आहे. पण आजोबा, ती वळायला शिकली. हाक कशासाठी मारतात, ते तिला कुणी सांगितलंच नाही."

मामांनी मान हलवली. दारापर्यंत गेले, परत वळले. "एक इनंती हाय. तुमची टिकली तेवढी काढून ठेवता? न्हायतर ती परत तितंच बगत बसंल."

मॅडमनी कपाळावरची टिकली काढली आणि टेबलाच्या कडेला चिकटवली.

वैशाली रेवाला घेऊन आत गेली, आम्ही दोघं बाहेर बाकावर बसलो. दार अर्धवट उघडं होतं. रेवानं मॅडमच्या कपाळाकडं बघितलं, तिथं काही नव्हतं. ती थांबली. मग तिच्या खांद्यांतनं काहीतरी उतरल्यासारखं झालं, ती खुर्चीवरनं खाली सरकली आणि टेबलाखाली मॅडमच्या चपला शोधू लागली. मागनं हाक आली, ती वळली नाही. बाहुली टेबलावर पडून राहिली. मामा शेजारी बसून हे सगळं बघत होते, आणि प्रत्येक चुकलेल्या गोष्टीला त्यांचा उजवा हात गुडघ्यावरनं आपोआप उठायचा, मुंडी वळवायला, आणि ते तो डाव्या हातानं धरून खाली दाबायचे.

त्या खेपेला आणि पुढच्या आणखी दोन खेपांत मॅडमनी पूर्ण तपासणी केली आणि कागद लिहून दिला. ऑटिझम. वैशालीनं कागद छातीशी धरला आणि रडली. मी इतकी हलकी झालेली बाई बघितली नव्हती. मामांनी विचारलं, "आता बरं हुणार का?" मॅडम म्हणाल्या, हे बरं व्हायचं दुखणं नाही, ती अशीच आहे, पण आता तिच्या बाजूनं शिकवता येईल. उशीर झालाय का, वैशालीनं विचारलं. झालाय थोडा, मॅडम म्हणाल्या. किती, ते मला सांगता येणार नाही.

जिन्यावरनं उतरताना मामा मध्येच थांबले. कठड्याला धरून म्हणाले, "अडीच वर्सं, नाटक्या. ही राहिली न्हाय. ही हरलो."

त्यानंतर ते वैशालीबरोबर शिकवणीच्या प्रत्येक दिवशी जात. वही नवी केली. माझ्याचकडनं नेली. त्यात काय लिहीत ते एकदा दाखवलं: कुकरच्या शिट्टीच्या आधी सांगायचं. केस विंचरताना मागनं नाही, समोरनं. साऊंड असेल तो रस्ता कुठला. गल्लीतल्या पोरांना ते आता हळू बोला म्हणून दटावायचे, आणि दटावतानाच त्यांचा आवाज चढायचा, मग स्वतःच तोंडावर हात ठेवायचे. रेवा अजूनही फार बोलत नव्हती. डोकं आपटणं कमी झालं, थांबलं नाही.

मागच्या मोसमात आमच्या तालमीचा संघ बऱ्याच वर्षांनी फायनलला गेला. दुपारनंतर गल्लीत चिटपाखरू नव्हतं, सगळे स्टेडियमवर. मी दुकान बंद करून निघालो, तर मामा ओट्यावर. शेजारी रेवा, समोर बूट; जुने, फाटलेले, संघानं टाकून दिलेले. लांबनं स्टेडियमचा गलका लाटांसारखा येत होता. कान द्यायची सवय असलेल्याला नुसत्या गलक्यावरनं कळतं, बॉल कुठल्या बाजूला आहे ते. मामांना तर नक्कीच कळत होतं. मध्येच केवढा तरी जल्लोष उठला. रेवाचे हात कानांकडं गेले. मामांनी तिच्या हातांवर आपले हात ठेवले, आणि गोल कुणी मारला ते विचारायलाही मान वळवली नाही.

मी ओट्यापाशी गेलो. रेवानं वर बघितलं, आणि सवयीनं तिची नजर माझ्या कपाळावर जाऊन टिकली शोधू लागली. इतक्या वर्षांनंतरही. माझा हात आपोआप कपाळाकडं गेला.

"नगं बगूस, बाळ," मामा म्हणाले, इतक्या हळू की मी पुढं वाकलो. "बगायला लागत न्हाय. आपलाच हाय त्यो."

यानंतर चार महिन्यांनी मामा गेले. पण मला ते दिसतात ते असेच, स्टेडियमकडं पाठ करून बसलेले.

त्या दिवशी रेवानं नजर खाली घेतली. माझ्या पायांकडं बघितलं. डावी चप्पल जरा वाकडी होती. मी चपलेतनं पाय काढून घेतला.